शैलजा उमाठेंचं दुसरं कॉलेज

नागपूर विद्यापीठाची मराठीतली बी.ए. आणि एक अधूनमधून दगा देणारा गुडघा, एवढं घेऊन शैलजा उमाठे अमेरिकेत सिॲटलजवळ बॉथेलला आली. दोन्हींचा तिथे कुणाला काही उपयोग नव्हता. तिचा नवरा संजीव सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायची परवानगी नव्हती. शिकायची होती, पण चौतिसाव्या वर्षी कोण कशाला शिकायला जातं, असं शैलजालाही वाटायचं. मुलगी रुही शाळेत जायची, संजीव ऑफिसला जायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात डिशवॉशरचा आवाज तेवढा असायचा.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला व्हॉलीबॉल खेळताना संजीवच्या टाचेमागची शीर तुटली. त्याला वाटलं मागून कुणीतरी लाथ मारली. वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. ऑपरेशन झालं आणि पुढचे काही महिने त्याला आठवड्यातून दोनदा फिजिकल थेरपीला नेऊन आणायचं काम शैलजाकडे आलं. क्लिनिक एका किराणा दुकानाच्या शेजारी होतं. बाकीच्यांच्या बायका बाहेर मासिकं चाळत बसायच्या. शैलजा आत जाऊन भिंतीशी स्टूलवर बसायची आणि बघायची.

संजीवची थेरपिस्ट ब्रेंडा नावाची बाई होती. पन्नाशीची, आखूड केसांची, कमी बोलणारी. एकदा संजीव सायकल मारत असताना ती शैलजाजवळ येऊन उभी राहिली.

"तू माझ्या पेशंटांकडे बघतेस ते कळतंय मला," ती म्हणाली. "नुसत्या नवऱ्याकडे नाही. सगळ्यांकडे. कधी खेळली आहेस का काही?"

"खो-खो," शैलजा म्हणाली. मग ते काय असतं हे तिला सांगता येईना. "पळायचं. वळायचं. एकदम थांबायचं."

"आणि मग काय झालं?"

"मग लग्न झालं."

हे पूर्ण खरं नव्हतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या संघातून खेळताना खांबाला वळसा घेता घेता शैलजाचा उजवा गुडघा आत वळला होता आणि सुपारी फुटावी तसा आवाज आला होता. हाडवैद्यानं लेप लावून करकचून पट्टी बांधली. आई म्हणाली, "आता पुरे झालं बाई तुझं पळणं." सूज उतरली, चालता यायला लागलं, पण पळताना वळलं की गुडघा जागचा सरकल्यासारखा व्हायचा. काय झालं होतं ते कुणी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. पुढच्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात झाली.

संजीव चालायला लागला, क्लिनिकला जाणं थांबलं. शैलजाला मात्र ते स्टूल आठवत राहिलं. तिनं चौकशी केली. फिजिकल थेरपिस्ट व्हायचं तर आधी पदवी, मग तीन वर्षांचं फिजिकल थेरपीचं कॉलेज, म्हणजे पीटी स्कूल. तिची बी.ए. तीन वर्षांची, त्यामुळे इथे ती पूर्ण पदवी धरत नव्हते. म्हणजे पुन्हा पदवी करायची, आणि त्यातच बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हे सगळे विषय चांगल्या ग्रेडनं पास व्हायचे. शिवाय दवाखान्यांमधून थेरपिस्टच्या मागे उभं राहून काम बघितल्याचे तास भरायचे. दहावीनंतर शैलजानं गणिताला हात लावला नव्हता.

"किती वर्षं लागतील?" संजीवनं विचारलं.

"सात."

"तेव्हा तू एक्केचाळीस वर्षांची असशील."

"नाही केलं तरी एक्केचाळीसच होईन," शैलजा म्हणाली.

 तो वाईट माणूस नव्हता. त्याला ठरवलेल्या गोष्टी आवडायच्या, आणि ही गोष्ट त्यानं ठरवलेली नव्हती, एवढंच.

मंडळात ही बातमी पोचली तेव्हा कांचननं, म्हणजे शैलजाच्या त्यातल्या त्यात जवळच्या मैत्रिणीनं, विचारलं, "म्हणजे मालिश वगैरे का ग?" शैलजानं समजावून सांगितलं. कांचन म्हणाली, "मग एवढं करतेच आहेस तर डॉक्टरच हो ना सरळ." त्यानंतर शैलजानं समजावणं सोडून दिलं.

कॉलेज घरापासून जवळ होतं. पहिल्या दिवशी वर्गातल्या मुलांना ती प्रोफेसर वाटली आणि दोघांनी तिला फळ्यावरचा प्रोजेक्टर कसा लावायचा ते विचारलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला रुहीचं गणित आणि दुसऱ्या बाजूला शैलजाचं, असा कारभार सुरू झाला. रुहीला सुरुवातीला याची गंमत वाटली. मग आई आपल्याहून हळू आहे हे लक्षात आल्यावर तिला थोडा संकोच वाटायला लागला. "आई, यू कॅन्ट डिव्हाइड बाय झीरो," ती हळू आवाजात, बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगायची.

केमिस्ट्रीत शैलजा आपटली. सी मिळाला. पीटी स्कूलमध्ये सी असलेला विषय धरतच नव्हते, म्हणून पुढच्या वर्षी तिनं तोच कोर्स पुन्हा घेतला. तेच पुस्तक, तेच प्रोफेसर, तेच विनोद. या वेळी बी मिळाला. फिजिक्सला ती जास्त घाबरून होती, पण तिथे उलटं झालं. तरफेचा धडा आला, आणि प्रोफेसरनं हातात वजन धरून कोपर वाकवून दाखवलं, तेव्हा तिला वाटलं, हे तर आपल्याला माहीत आहे. खाली बसलेल्या खेळाडूनं उठताना आधी पुढे का झुकायचं, खांबाला धरून वळताना शरीर आत का टाकायचं, हे तिच्या अंगाला वीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्याची गणितं मांडता येतात हे तेवढं नवीन होतं.

ॲनाटॉमी दोन हजार चारच्या वसंतात आली. लॅबमध्ये एका म्हाताऱ्या बाईचा देह होता. मरण्यापूर्वी तिनं तो स्वतःच देऊन ठेवला होता. तिचं नाव कुणाला सांगत नसत. पहिल्या दिवशी शैलजाच्या शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी तोंडावर हात धरून बाहेर गेली ती परत आली नाही. शैलजा उभी राहिली. तिला भीती वाटली नाही, पण त्या बाईच्या पायांकडे पाहिल्यावर हात आपोआप जोडले गेले. बाकीच्यांनी पाहिलं. लॅबच्या दिवशी घरी आल्यावर ती कशालाही न शिवता आधी डोक्यावरून अंघोळ करायची. औषधाचा वास केसांतून जात नाही म्हणून, असं ती संजीवला सांगायची. निम्मं कारण तेच होतं.

गुडघ्याचा आठवडा आला. शिक्षकानं वाटी बाजूला केली आणि सांध्याच्या आत, मांडीच्या हाडापासून नडगीपर्यंत तिरका गेलेला एक पांढरा दोर चिमट्यानं उचलून दाखवला. करंगळीएवढा असेल. "हा नडगीला पुढे सरकू देत नाही," शिक्षक म्हणाला. "खेळाडूंचा बहुतेक वेळा वळताना तुटतो. फटकन आवाज येतो. तुटला की आपोआप जुळत नाही."

शैलजानं चिमटा मागून घेतला. तिनं तो दोर स्वतः उचलून पाहिला, सोडला, पुन्हा उचलला. मागे मुलं खोळंबली होती. तिनं चिमटा पुढच्या मुलाला दिला आणि उरलेला तास वहीत काहीच लिहिलं नाही.

त्याच आठवड्यात ती ब्रेंडाच्या क्लिनिकमध्ये गेली. तिथे ती आता बघण्याचे तास भरत होती. टॉवेल घड्या करायचे, टेबलं पुसायची, आणि ब्रेंडाच्या मागे उभं राहायचं. सकाळचा शेवटचा पेशंट गेल्यावर ती टेबलावर आडवी झाली आणि म्हणाली, "माझा उजवा गुडघा बघ."

ब्रेंडा टेबलाशी आली. एका हातानं मांडी धरली, दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढली. मग डावा गुडघा पाहिला. मग पुन्हा उजवा.

"कधीचं आहे हे?"

"सोळा वर्षं झाली."

"पूर्ण तुटलेला आहे," ब्रेंडा म्हणाली. "इतकी वर्षं तू याच्यावर चालते आहेस. मांडीच्या स्नायूंनी सांभाळून घेतलंय सगळं." मग पुन्हा म्हणाली, "तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं. खेळताही आलं असतं कदाचित."

"आणि आता?"

"आता तुला पळताना वळायचं आहे का?"

शैलजानं विचार केला. "नाही," ती म्हणाली.

घरी जाताना ती गाडीत रडली असती, तर ते सांगण्यासारखं झालं असतं. पण ती रडली नाही. रुहीला शाळेतून घ्यायचं होतं, दूध संपलं होतं. रात्री तिनं संजीवला सांगितलं. तो म्हणाला, "तू कधी बोलली नाहीस." तिनं सांगितलं, "मलाच माहीत नव्हतं."

त्या वर्षी तिनं पहिल्यांदा अर्ज केले. सिॲटलच्या एका पीटी स्कूलनं मुलाखतीला बोलावलं. तीन जण समोर होते. त्यांनी विचारलं, तुम्हाला हे का करायचं आहे? तिनं घोकलेलं उत्तर दिलं, की मला लोकांची सेवा करायची आहे. तिघांनीही माना डोलावल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. सिॲटलनं नाही म्हटलं. बाकीच्यांनी तर मुलाखतीलाही बोलावलं नाही.

"मी खरं तेच सांगितलं," ती ब्रेंडाला म्हणाली.

"सगळेच तेच सांगतात. आणि सगळ्यांचंच ते खरं असतं," ब्रेंडा म्हणाली. "तू इथे फक्त बरे होणारे लोक पाहिलेस. खांदा दुखतोय, टाच तुटली, काही महिन्यांत घरी. एखाद्या हॉस्पिटलमध्ये जा. बरे न होणारे बघ. मग तुला अजूनही हे करायचंय का ते ठरव."

पदवीचे थोडे विषय अजून बाकी होतेच. शैलजानं एका हॉस्पिटलच्या पुनर्वसन वॉर्डात तास भरायला सुरुवात केली. तिथे हॅल्व्हर्सन नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. उभं आयुष्य अलास्काच्या बोटींवर मासेमारीत गेलेलं. साखरेच्या आजारानं त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, आणि डाव्याचंही फारसं काही खरं नव्हतं. रोज सकाळी तरुण थेरपिस्ट त्यांना दोन दांड्यांच्या मध्ये आणायचा, ते उठायचा प्रयत्न करायचे, अर्ध्यातून परत बसायचे. पेशंटला हात लावायची शैलजाला परवानगी नव्हती. ती भिंतीशी उभी राहायची.

एका सकाळी थेरपिस्टला कुणीतरी बोलावून नेलं. हॅल्व्हर्सननी चाकाची खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तू रोज तिथे उभी राहून माझ्याकडे टक लावून बघतेस. काय दिसतं तुला?"

शैलजाला माफी मागावीशी वाटली. मग वाटलं, त्यांनी विचारलंय ते विचारलंय.

"उठायच्या आधी तुम्ही श्वास धरून ठेवता," ती म्हणाली. "बसेपर्यंत सोडतच नाही."

 "तूही धरतेस," ते म्हणाले. "इंग्लिश बोलायच्या आधी."

शैलजाला हसू आलं. त्यांना आलं नाही. थेरपिस्ट परतल्यावर ते त्याला म्हणाले, "या बाईंचं म्हणणं आहे की मी श्वास घेत नाही." थेरपिस्टनं त्या दिवशी त्यांना उठताना मोठ्यानं आकडे मोजायला लावले. मोजताना श्वास धरता येत नाही. ते उठले. थोडा वेळ उभे राहिले, मग बसले.

इथून पुढे ते चालायला लागले, असं काही झालं नाही. डाव्या पायावर जखम झाली आणि उभं राहणं बंद करावं लागलं. थेरपिस्टनं उद्दिष्ट बदललं. आता चालणं नाही. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर कुणाच्या मदतीशिवाय सरकायचं, मध्ये एक गुळगुळीत फळी टाकून. शैलजाला आधी हे हार मानल्यासारखं वाटलं. आठवडे गेले. एक दिवस हॅल्व्हर्सन एकटे फळीवरून सरकत खुर्चीत आले, चाकं फिरवत खिडकीशी गेले आणि तिथे सगळ्यांकडे पाठ करून बसले. तासभर त्यांना कुणी हलवलं नाही. कुठे जायचं आणि कुणाकडे पाठ करायची हे त्यांना कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा स्वतः ठरवता आलं होतं. थोड्याच दिवसांनी त्यांना वृद्धांच्या एका केंद्रात हलवलं. जाताना त्यांनी शैलजाला मान हलवून निरोप दिला. पुढे त्यांचं काय झालं ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या मुलाखती दोन हजार सहाच्या सुरुवातीला झाल्या. स्पोकेनच्या पीटी स्कूलमध्ये एका बाईनं विचारलं, "तुम्ही इतके तास काम बघितलंत. काय शिकलात?" शैलजानं खिडकीशी सगळ्यांकडे पाठ करून बसलेल्या म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. इंग्लिश अडखळत होतं. सांगून झाल्यावर त्या बाईनं विचारलं, "आणि त्यांना बघून तुम्हाला वाईट वाटलं?" शैलजा म्हणाली, "नाही. त्यांना एकटं राहायचं होतं. ते त्यांना जमलं."

मार्चमध्ये एका दुपारी स्पोकेनहून फोन आला. शैलजा भाजी निवडत होती. तिनं दोनदा थँक यू म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून संपवली.

अडचण अंतराची होती. स्पोकेन राज्याच्या दुसऱ्या टोकाला, घाटापलीकडे. रोज जाऊन येणं शक्य नव्हतं. संजीवचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. नोकरी बदलली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. रुही तेरा वर्षांची होती.

"आणखी एक वर्ष थांबून सिॲटलला बघायचं का?" संजीवनं विचारलं. जेवणं झाली होती. रुही टेबलावरच होती, तिला उठवायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"तिथे मिळेलच असं नाही."

"हो, तेही खरंच," तो म्हणाला. मग बराच वेळ ताटावरचे मिठाचे कण बोटानं गोळा करत राहिला. "माझी इच्छा नाही तू जावंस अशी. त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. पण तू जा."

"तुम्हाला जमेल?"

"नाही जमणार. करू काहीतरी."

रुही म्हणाली, "डू आय गेट अ से?"

"सांग ना," शैलजा म्हणाली.

रुहीनं विचार केला. "आय डोन्ट वॉन्ट यू टु गो," ती म्हणाली. "बट आय डोन्ट वॉन्ट यू टु बी हिअर अँड मॅड, आयदर."

शैलजाला वाटलं, आपण कधी चिडलो होतो? मग डिशवॉशरच्या आवाजातल्या त्या दुपारी आठवल्या.

जूनमध्ये तिची पदवी पूर्ण झाली. ऑगस्टमध्ये तिघं गाडीत सामान भरून निघाले. घाट चढेपर्यंत दाट झाडी होती, पलीकडे उतरल्यावर सगळं पिवळं, सपाट आणि कोरडं. गव्हाची कापणी झालेली. शैलजाला विदर्भातल्या उन्हाळ्याची आठवण झाली. तिनं ती बोलून दाखवली नाही, कारण मागे रुही झोपली होती आणि संजीवला तसल्या आठवणी आवडत नसत. खोलीत सामान लावून झाल्यावर संजीवनं खिडकीची कडी दोनदा तपासली. रुहीनं पलंगावर बसून उड्या मारून पाहिल्या आणि म्हणाली, "इट्स फाइन." मग ते दोघं परत गेले, कारण दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं.

त्यानंतरची दोन वर्षं वाटलं होतं त्यापेक्षा बरी आणि वाटलं होतं त्यापेक्षा कठीण गेली. वर्गात ती सगळ्यांत मोठी होती. हिवाळ्यात बर्फानं घाट बंद झाला की शनिवार-रविवार तिथेच काढायचे. घरी आली की फ्रिजमधल्या वस्तूंच्या जागा बदललेल्या असायच्या. पोळ्या विकतच्या यायला लागल्या होत्या. एकदा रुहीच्या शाळेच्या कार्यक्रमात कुणीतरी तिला विचारलं, तुम्ही रुहीच्या कोण? त्या दिवशी परतीच्या वाटेवर तिनं सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं. सोमवारी सकाळी वर्गात मणक्याच्या तपासणीची परीक्षा होती. ती दिली.

दोन हजार आठच्या वसंतात तिला पूर्वेकडच्या एका छोट्या गावातल्या दवाखान्यात प्रत्यक्ष कामासाठी पाठवलं होतं. आता तिला पेशंटना हात लावायची परवानगी होती. एका बुधवारी रुहीचा फोन आला. सॉकर खेळताना घोटा मुरगळला होता, सुजला होता.

शैलजानं विचारलं, कुठल्या बाजूनं, आवाज आला का, पाय टेकवता येतो का, चार पावलं चालता येतात का.

"आई," रुही म्हणाली, "कॅन यू जस्ट कम होम?"

पेशंट बाहेर बसले होते. शैलजानं शुक्रवारी येते म्हणून सांगितलं. रुहीनं ओके म्हणून फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी ती पोचली तेव्हा सूज बरीच उतरली होती. रुही सोफ्यावर पाय वर करून टीव्ही बघत होती. तिनं टीव्ही बंद केला नाही, पण पाय पुढे केला. शैलजानं खाली बसून तो हातात घेतला आणि अंगठ्यानं हाडाच्या कडेनं दाबत गेली.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"थोडं."

"हाड ठीक आहे," शैलजा म्हणाली. तिनं पाय लगेच खाली ठेवला नाही, आणि रुहीनंही तो ओढून घेतला नाही. टीव्हीवर जाहिरात लागली. स्वयंपाकघरातून संजीवनं पानं घेतली आहेत म्हणून हाक मारली. त्यानं खिचडी केली होती. मीठ थोडं कमी होतं, तरी तिघांनी ती संपवली.